तारण गमावता येतं का? विश्वासानं पैसा येतो का? ख्रिस्ती मंडळींतल्या दोन वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाचा वर्ग कुठलाही असो, दोन प्रश्न हटकून निघतात. एकदा झालेलं तारण, म्हणजे देवानं पापातून केलेली सुटका, पुढे गमावता येतं का? आणि विश्वास खरा असेल तर घरात पैसा आणि अंगात आरोग्य यायलाच हवं का? खालची उत्तरं एका प्रॉटेस्टंट विश्वासणाऱ्यानं लिहिली आहेत. पहिल्या प्रश्नावर देवाला भिऊन वागणारी माणसं चारशे वर्षं दोन्ही बाजूंना उभी आहेत, म्हणून दोघांचंही म्हणणं नीट मांडलं आहे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी तटस्थ नाही.

हे दोन वेगळे विषय एकत्र का घेतले?

कारण माणसाच्या आयुष्यात ते एकत्रच येतात. सभेत ऐकलेलं असतं की विश्वास पक्का असेल तर आजार टिकत नाही. मग आजार टिकतो. आधी माणूस स्वतःच्या विश्वासावर शंका घेतो, आणि तिथून पुढचा प्रश्न लांब नसतो: माझा विश्वासच खोटा असेल, तर माझं तारण तरी खरं कशावरून? हा प्रश्न मी दवाखान्यातल्या खाटेवरून ऐकला आहे. विचारणाऱ्याला तारणाच्या वादावर चारशे वर्षांपूर्वी भरलेली डॉर्टची परिषद ठाऊक नसते, विश्वासानं पैसा येतो असं शिकवणारे अमेरिकन केनेथ हॅगिन कोण हेही ठाऊक नसतं. देवानं आपल्याला सोडलं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

‘कायमची सुरक्षितता’ म्हणजे नेमकं काय?

इथे बराच घोळ होतो, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या शिकवणी वावरतात.

पहिली सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन याच्या परंपरेतली, म्हणजे रिफॉर्म्ड मंडळींची. जो खरोखर नव्यानं जन्मला त्याला देव स्वतः शेवटपर्यंत धरून ठेवतो. तो पडेल, मोठ्या पापातही पडेल, पण कायमचा पडून राहणार नाही. एखादा विश्वास सोडून निघूनच गेला, तर त्याचा विश्वास मुळातच खरा नव्हता, असं ही बाजू म्हणते आणि १ योहान २:१९ दाखवते. दुसरी शिकवण ‘एकदा तारण, कायमचं तारण’ या घोषणेतून पसरली. एकदा मनापासून विश्वास ठेवला की पुढे आयुष्यात फळ दिसो न दिसो, अगदी विश्वास सोडला तरी, तारण पक्कं, इथपर्यंत काही शिक्षक जातात. पहिली शिकवण टिकून राहण्याला अटळ मानते आणि दुसरी अनावश्यक मानते. फरक लहान नाही.

यांच्यासमोर आर्मिनियन (डच धर्मअभ्यासक आर्मिनियस यांच्या विचाराची), मेथडिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळी आहेत. तारण कृपेनंच मिळतं, पण ते विश्वासानं धरून ठेवायचं असतं, आणि माणूस तो विश्वास जाणूनबुजून टाकून देऊ शकतो, असं त्या मानतात. रोजच्या चुकीगणिक तारण जातं आणि रात्रीच्या प्रार्थनेत परत येतं, असं त्यांची अधिकृत शिकवण सांगत नाही. ते मत त्यांच्यावर लादलं जातं. कॅथलिक शिकवणीत मोठ्या, प्राणघातक पापानं कृपा गमावली जाते आणि पापनिवेदनाच्या संस्कारातून, गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्यातून, ती परत मिळते. ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ साली हे ठरवून दिलं. खास प्रकटीकरण झाल्याशिवाय आपण शेवटपर्यंत टिकूच अशी अचूक खात्री कोणी बाळगू नये, असंही तिथेच म्हटलं आहे.

हा वाद सुरू कुठे झाला?

मूळ जुनं आहे. शेवटपर्यंत टिकणं हे देवाचं दान आहे, असं ऑगस्टीननं पाचव्या शतकात लिहिलं. पण ते दान आपल्याला मिळालं आहे हे हयातीत कोणी खात्रीनं सांगू शकत नाही, असंही तो मानायचा. आज आपण ज्या शब्दांत भांडतो ते मात्र नेदरलँड्समध्ये ठरले.

याकोबस आर्मिनियस लायडन विद्यापीठात प्राध्यापक होते. ते १६०९ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचं निवेदन काढलं. त्यातलं पाचवं कलम आज दोन्ही बाजूंनी शांतपणे वाचायला हवं. ख्रिस्तात रोवलेल्या माणसाला सैतानाशी झगडायला पुरेसं बळ मिळतं, असं ते म्हणतं. पण असा माणूस निष्काळजीपणानं ख्रिस्तापासून दूर जाऊ शकतो का, याचा शास्त्रातून आणखी शोध घ्यायला हवा, त्याआधी आम्ही ते ठामपणे शिकवणार नाही, असंही त्यात आहे. म्हणजे ज्यांच्या नावानं ‘तारण गमावता येतं’ ही शिकवण ओळखली जाते, त्यांनी सुरुवातीला हा प्रश्न उघडा ठेवला होता. काही वर्षांत तो त्यांनीही बंद केला आणि पतन शक्य आहे अशी भूमिका घेतली.

नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ डॉर्ट शहरात परिषद भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन संस्थानांतूनही प्रतिनिधी आले होते. परिषदेनं आर्मिनियन मतं फेटाळली आणि पवित्र जनांच्या टिकून राहण्याची शिकवण पाचव्या प्रकरणात मांडली. ती मांडणी लोक समजतात तितकी कोरडी नाही. दावीद आणि पेत्र यांची नावं घेऊन ती कबूल करते की खरे विश्वासणारे भयंकर पापात पडतात, पवित्र आत्म्याला दुःख देतात, आणि काही काळ कृपेची जाणीवच हरवून बसतात.

पण डॉर्टला नुसती धर्मचर्चा नव्हती. स्पेनशी युद्धबंदी, प्रांतांचे अधिकार, मॉरिस राजपुत्र आणि ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट यांच्यातली सत्तेची चुरस, हे सगळं त्यात गुंतलं होतं. ओल्डनबार्नेफेल्ट आर्मिनियन पक्षाचे पाठीराखे. परिषद आटोपत असतानाच, १३ मे १६१९ रोजी, सत्तरी ओलांडलेल्या या माणसाचा हेगमध्ये शिरच्छेद झाला. सुमारे दोनशे आर्मिनियन पाळकांची पदं गेली. देव आपल्या माणसांना सोडत नाही, या शिकवणीच्या विजयाबरोबर हे घडलं. डॉर्टची शिकवण मला बरीचशी पटते, म्हणूनच हा भाग मी वगळत नाही.

आमची मंडळी यातली कुठली बाजू मानते?

पाळकांना विचारा. पण बऱ्याच मराठी मंडळींत स्पष्ट उत्तर मिळणार नाही, आणि त्याला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत आले, आणि १८३१ मध्ये या मिशननं अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) ठाणं उभारलं. ही मंडळी काँग्रिगेशनल, म्हणजे कॅल्विनच्या वळणाची. स्कॉटिश जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले, ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्विनच्याच वळणाचे. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम टेलर यांनी मुंबईत मेथडिस्ट काम सुरू केलं, आणि मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची शिकवण आली. पुढे १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरा एकत्र आल्या. टेलर यांच्या अमेरिकन मेथडिस्ट वळणाची मंडळी मात्र वेगळीच राहिली. त्यामुळे आजोबा प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये वाढलेले, आई मेथडिस्ट आणि मुलगा शुक्रवारच्या पेंटेकोस्टल प्रार्थनेला जाणारा, असं एकाच घरात सर्रास दिसतं.

योहान १० म्हणतं कोणी हिसकावून घेणार नाही, इब्री ६ म्हणतं पतन झालं तर पुन्हा पश्चात्ताप अशक्य. दोन्ही खरं कसं?

दोन्ही वचनं पूर्ण वाचूनच उत्तराकडे जावं.

योहान १०:२७-२९ मध्ये येशू आपल्या मेंढरांबद्दल तीन गोष्टी एका दमात सांगतो. ती त्याची वाणी ऐकतात, तो त्यांना ओळखतो, ती त्याच्यामागे चालतात. मग वचन येतं की त्यांचा कधीही नाश होणार नाही, आणि ती त्याच्या हातातून, पित्याच्या हातातून, कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. आर्मिनियन वाचक म्हणतात, बाहेरचा कोणी हिसकावू शकत नाही हे मान्य, पण मेंढरू स्वतः निघून जाऊ शकत नाही असं इथे लिहिलेलं नाही. रिफॉर्म्ड वाचक म्हणतात, ‘कधीही नाश होणार नाही’ यात मेंढराचं स्वतःचं भरकटणंही आलंच, नाहीतर मेंढपाळ कसला? मला दुसरं वाचन जास्त पटतं. पण ‘माझ्यामागे चालतात’ हे शब्द गाळून पुढचं वचन तोडून घेणं, हे मात्र दोन्ही वाचनांत बसत नाही.

इब्री ६:४-६ अधिक अवघड आहे. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे वाटेकरी झाले, ते पतन पावले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. काहींच्या मते हे खऱ्या विश्वासणाऱ्याचंच वर्णन आहे आणि इशारा शब्दशः घ्यायचा. काहींच्या मते ही माणसं मंडळीत वावरली, सगळं जवळून अनुभवलं, पण त्यांचा नवा जन्म झालाच नव्हता. तिसरं मत असं की इशारा खरा आणि तारलेल्यांनाच दिलेला आहे, पण देव ज्या साधनांनी आपल्या लोकांना टिकवतो त्यांतलंच ते एक साधन आहे. तो ऐकूनच ते वाचतात. आणखी काहींना इथे तारण नव्हे, प्रतिफळ गमावण्याची गोष्ट दिसते. ते मला या वचनाच्या वजनापुढे हलकं वाटतं.

एक गोष्ट मात्र वादात हमखास सुटते. लेखक तिथे थांबत नाही. नवव्या वचनात तो वाचकांना प्रियजन म्हणून हाक मारतो आणि तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे, असं सांगतो. इशारा देणारा आणि धीर देणारा एकच माणूस आहे, आणि दोन्ही एकाच लोकांसाठी आहे. शिवाय आर्मिनियन बाजू सहाव्या वचनातलं ‘अशक्य’ खरोखर शब्दशः घेईल, तर विश्वासातून घसरलेल्या भावाला परत बोलवायलाही जागा उरत नाही. वेस्लीनं तर घसरून परत आलेली माणसं आपण पाहिली आहेत असं आवर्जून लिहिलं.

मग मनाला येईल तसं पाप केलं तरी चालेल?

नाही. हा आक्षेप पौलावरही घेतला गेला होता, आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्यानं तो उडवून लावला आहे. येशूला तारणारा मानणं आणि प्रभू मानणं वेगळं करता येतं का, यावर अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींत १९८० च्या दशकाच्या शेवटी जॉन मॅकार्थर आणि झेन हॉजेस यांच्यात मोठी जुंपली होती. नुसता हात वर करून कोणी तारला जात नाही, या मॅकार्थर यांच्या बाजूनं मी आहे. पण दर आठवड्याला आपलं फळ मोजत बसायला लावणारं प्रवचनही माणसाला ख्रिस्ताकडे नेत नाही, स्वतःकडेच नेतं.

मला तारणाची खात्री वाटत नाही. म्हणजे माझं तारण झालेलं नाही का?

तारण असणं आणि तारणाची जाणीव असणं या दोन गोष्टी आहेत. १६४६ साली तयार झालेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार कायमच्या सुरक्षिततेचा खंदा पुरस्कर्ता. त्याच्या अठराव्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की खरा विश्वासणाराही खात्री मिळण्याआधी दीर्घ काळ वाट पाहत आणि झगडत राहू शकतो, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. मार्क ९:२४ मधला मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात कबूल करतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरं करतो.

आणखी एक सांगावंसं वाटतं. सतत, रात्रंदिवस, आपण देवाची निंदा केली आहे, आता क्षमा नाही, असे विचार डोक्यात फिरत असतील आणि झोप उडाली असेल, तर पाळकांइतकीच मानसोपचार तज्ज्ञाचीही गरज असू शकते. त्यांच्याकडे जाण्यानं विश्वास कमी होत नाही.

आमच्या घरातल्या माणसानं आत्महत्या केली. त्याचं तारण गेलं का?

कोणाही माणसाला हा निकाल देण्याचा अधिकार नाही. पश्चात्तापाला वेळ मिळाला नाही म्हणून तारण नाही, असं म्हटलं तर झोपेत किंवा अपघातात गेलेल्या प्रत्येकाबद्दल तेच म्हणावं लागेल. १९९२ ची कॅथलिक धर्मशिकवण आत्महत्येला गंभीर पाप मानते, तरीही अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये असं सांगते, आणि तीव्र मानसिक त्रासानं जबाबदारी कमी होते असंही म्हणते. रोमकरांस ८:३८-३९ मध्ये देवाच्या प्रीतीपासून विभक्त करू न शकणाऱ्या गोष्टींची यादी आहे. त्यातलं पहिलं नाव मरणाचं आहे. ज्या घरात हे घडलं तिथे जाऊन न्यायाची भाषा बोलणाऱ्याला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिथल्या तिथे थांबवावं.

वेगळ्या मताच्या लोकांबरोबर प्रभुभोजन घ्यावं का?

तुमच्या मंडळीचा नियम पाळा. मतभेद एवढाच असेल तर माझं उत्तर हो असं आहे. जॉन वेस्ली आणि कॅल्विनच्या बाजूचा उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड जिवाभावाचे सोबती. कोण तारला जाणार हे देवानं आधीच निवडलं आहे, या पूर्वनिवडीच्या शिकवणीविरुद्ध १७३९ साली वेस्लीनं कडक प्रवचन केलं, व्हाइटफील्डनं त्याला जाहीर पत्रानं उत्तर दिलं, आणि चळवळ दुभंगली. तरी पुढे दोघांनी संबंध जोडले. १७७० साली व्हाइटफील्ड अमेरिकेत वारला, तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन केलं ते वेस्लीनं.

समृद्धीची सुवार्ता आली कुठून?

खऱ्या विश्वासानं पैसा आणि आरोग्य मिळतंच, ही ती शिकवण. ती बायबलच्या काळापासूनची नाही, सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारणेच्या काळातलीही नाही. तिचा जन्म विसाव्या शतकातल्या अमेरिकेतला. ई. डब्ल्यू. केनियन (१८६७-१९४८) यांनी शिकवलं की विश्वासणाऱ्यानं आपला हक्क तोंडानं कबूल करावा म्हणजे तो प्रत्यक्षात येतो. त्या काळात अमेरिकेत मनाच्या शक्तीनं आजार बरे होतात असं सांगणारी ‘न्यू थॉट’ नावाची विचारधारा जोरात होती. केनियन यांच्यावर तिचा प्रभाव किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण साम्य नजरेत भरतं. टेक्ससचे केनेथ हॅगिन (१९१७-२००३) यांनी ही शिकवण घरोघरी नेली आणि १९७४ साली ओक्लाहोमा राज्यात रेमा बायबल प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. त्याच राज्यातले ओरल रॉबर्ट्स यांनी ‘विश्वासाचं बी’ ही कल्पना रुजवली: देवाच्या कामाला पैसे द्या, देव ते वाढवून परत देईल. १९८७ साली त्यांनी जाहीर केलं की ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला वर बोलावून घेईल. टीव्ही आला, उपग्रह वाहिन्या आल्या, आणि नायजेरियापासून ब्राझीलपर्यंत ही शिकवण पोचली. मराठी घरांत ती हिंदी-इंग्रजी वाहिन्यांवरून, आणि आता मोबाइलवरून येते.

पेंटेकोस्टल म्हणजे समृद्धीवाले, असं मात्र समजू नका. असेंब्लीज ऑफ गॉड ही मोठी पेंटेकोस्टल संस्था. तिनं १९८० सालीच ‘तोंडानं कबूल करा आणि मिळवा’ या शिकवणीविरुद्ध अधिकृत निवेदन काढलं. हॅगिन यांनी स्वतः उतारवयात, २००० साली, पैशाच्या शिकवणीतल्या अतिरेकांवर पुस्तक लिहिलं. टीव्हीवर समृद्धी शिकवणारे जिम बेकर फसवणुकीच्या गुन्ह्यात १९८९ साली दोषी ठरले. तुरुंगात येशूची वचनं पुन्हा मुळातून वाचल्यावर आपली शिकवण चुकीची होती, असं त्यांनी सुटकेनंतर जाहीरपणे लिहिलं.

पण ३ योहान, मार्क १० आणि यशया ५३ मध्ये तसं लिहिलेलं आहेच ना?

३ योहानच्या दुसऱ्या वचनात योहान गायसला तुझं सर्व बाबतींत बरं चालो अशी प्रार्थना करतो. ती पत्राच्या सुरुवातीची प्रेमळ सदिच्छा आहे. तिच्यावर सर्व काळच्या सर्व विश्वासणाऱ्यांसाठी करार उभा करता येत नाही. मार्क १०:३० मध्ये शंभरपट मिळण्याचं वचन खरंच आहे, पण त्याच वाक्यात ‘छळणुकीसहित’ असंही आहे, आणि सभेत तो शब्द फारसा ऐकू येत नाही. शंभरपट घरं, भाऊ, बहिणी, आया मिळतात त्या मंडळीत. ज्याला घरच्यांनी विश्वासापायी बाहेर काढलं त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

यशयाचा मुद्दा जास्त गंभीर आहे. त्याला झालेल्या फटक्यांनी आपण बरे झालो, हे ५३:५ मध्ये आहे, आणि मत्तय ८:१७ त्याच अध्यायातलं आधीचं वचन येशूच्या रोग बरं करण्याला लावतो. म्हणजे वधस्तंभाचा शरीराशी संबंधच नाही असं म्हणता येणार नाही. प्रश्न कधी, हा आहे. शरीराचं संपूर्ण तारण पुनरुत्थानाच्या वेळी मिळायचं आहे (रोमकरांस ८:२३). तोवर देव काहींना बरं करतो, काहींना करत नाही. पौलानं त्रफिमाला मिलेतात आजारी सोडलं (२ तीमथ्य ४:२०), एपफ्रदीत मरणाला टेकला होता, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. यांपैकी कोणालाही पौल विश्वासात कमी पडलास असं म्हणत नाही.

दशांश दिला नाही तर शाप लागतो का?

दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं. मलाखी ३:८-१० वाचून दाखवतात आणि मग पाकिटं फिरतात. एका सभेत माझ्या हातात आलेल्या पाकिटावर छापील चौकोन होते: आजार, नोकरी, कर्ज, मूलबाळ. हव्या त्या चौकोनात खूण करायची, खाली रक्कम लिहायची, आत नोट घालायची. शेजारी बसलेल्या बाईंनी कर्जावर खूण केली आणि पर्समधून पैसे काढले.

मलाखीचं ‘भांडार’ म्हणजे यरुशलेमातल्या मंदिराची कोठारं. तिथे धान्य, द्राक्षारस, तेल जमा व्हायचं आणि ज्यांना वतन नव्हतं त्या लेव्यांचं, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या वंशाचं, पोट त्यावर चालायचं. ते आलं नाही की काय व्हायचं, हे नहेम्या १३:१० मध्ये दिसतं: लेवी आणि गाणारे सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले. अनुवाद १४:२८-२९ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, म्हणजे लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतील. कर्जात बुडालेली बाई त्या व्यवस्थेत घेणाऱ्यांच्या बाजूला असती.

शिवाय हीच प्रवचनं गलतीकरांस ३:१३ दाखवून सांगतात की ख्रिस्तानं आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं, म्हणून गरिबी आपली नाही. मग दशांश चुकल्यावर तोच शाप परत कुठून येतो? दशांश देण्याला माझा विरोध नाही. कित्येक मराठी घरांत तो आनंदानं बाजूला काढला जातो आणि त्यावर मंडळी उभी आहे. पण पौलानं यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कष्टी होऊन किंवा भाग पडतं म्हणून नव्हे, असं लिहिलं (२ करिंथकरांस ९:७). धमकी देऊन घेतलेलं दान त्यात बसत नाही.

विश्वास कमी पडला म्हणून आजार बरा होत नाही का?

ओळखीतल्या एका मावशींना बरीच वर्षं मधुमेह. सभेतल्या एका सेवकांनी सांगितलं की बरं झाल्याची साक्ष दिल्यावर गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. त्यांनी गोळ्या बंद केल्या. पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि घरच्यांनी दवाखान्यात नेलं तेव्हा बोटं काढावी लागली. मी भेटायला गेलो तेव्हा त्या पायाबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “बाळा, देवानं माझं नाव जीवनाच्या पुस्तकातून खोडलं असेल का रे?”

म्हणून या शिकवणीबद्दल मी मवाळ बोलू शकत नाही. ती पैसा तर नेतेच, पण आजारी माणसाकडे आधाराची जी एकच गोष्ट उरलेली असते, देव माझा आहे ही खात्री, तीही काढून घेते. बरं झालं तर श्रेय सेवकाचं, नाही झालं तर दोष आजाऱ्याचा. बायबलमधला ईयोब सगळं गमावून आजारी पडला तेव्हा त्याचे मित्र हेच बोलत होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर भडकतो.

महाराष्ट्रात विश्वासानं जगण्याचं उदाहरण हवं असेल तर केडगावच्या मुक्ती मिशनकडे पाहा. पंडिता रमाबाईंनी १८९० च्या दशकातल्या दुष्काळात शेकडो मुली आणि विधवांना आसरा दिला आणि त्यांच्या अन्नासाठी देवाकडे मागितलं. १९०५ साली तिथे जे आध्यात्मिक जागरण झालं ते जगाच्या पेंटेकोस्टल इतिहासात नोंदलेलं आहे. याच रमाबाईंनी तरुणपणी आईवडील दुष्काळात गमावले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षंही होतात न होतात तोच पती. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. त्यांचा विश्वास कमी पडला, असं त्यांच्या समोर उभं राहून कोण म्हणेल?

मग गरिबांनाच ही शिकवण इतकी का पटते?

कारण त्यांच्या गरजा खऱ्या आहेत आणि बऱ्याच मंडळींनी त्यांबद्दल बोलणं सोडून दिलं आहे. जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळींना जोडणाऱ्या लोझान चळवळीच्या आफ्रिकेतल्या धर्मअभ्यासकांनी २००८ आणि २००९ साली घानातल्या अक्रोपाँगला बसून या शिकवणीवर निवेदन तयार केलं. त्यांनी ती बायबलला सोडून आहे असं ठरवलं, पण देव आजही चमत्कार करतो आणि कष्टाला, धडपडीला मोल आहे, हे मान्य केलं. समृद्धीच्या सभेत गरीब माणसाला कोणीतरी सांगतं की तुझी परिस्थिती बदलू शकते, व्यसन सोड, काम कर, मान वर कर. त्यानं काही घरं खरोखर सावरली आहेत. आपल्या मंडळ्यांनी आजाऱ्यासाठी प्रार्थना, कर्जबाजाऱ्याला मदत आणि बेकाराला ओळखीनं काम मिळवून देणं सोडलं, तर तो माणूस तिकडे जाणारच. चूक शिकवणाऱ्यांची आहे, पण जागा आपण मोकळी केली.

देव पैसा देतच नाही का?

देतो. अब्राहाम श्रीमंत होता, लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती. १ तीमथ्य ६:१७-१८ श्रीमंतांना संपत्ती टाकून द्यायला सांगत नाही, उदार व्हायला सांगतं. पण संपत्तीवरून देवाची मर्जी ओळखता येत नाही. प्रकटीकरणात स्मुर्णेच्या मंडळीला ‘तू दरिद्री, तरी धनवान’ असं सांगितलं आहे, आणि आपण श्रीमंत आहोत असं म्हणणाऱ्या लावदिकीयाच्या मंडळीला कंगाल आणि आंधळी म्हटलं आहे.

कॅल्विनच्या शिकवणीतूनच पैशाची भक्ती निघाली, असं म्हणतात ते खरं का?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ साली मांडलं की आपण निवडलेले आहोत का, या चिंतेनं प्युरिटन, म्हणजे कॅल्विनच्या वळणाचे कडक इंग्रज प्रॉटेस्टंट, धंद्यातल्या यशात खूण शोधू लागले. इतिहासकारांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले आहेत. काही घरांत तसं घडलं असेलही. पण शिकवण म्हणून ते चूकच, कारण उपदेशक ९:१-२ सांगतं की समोर जे दिसतं त्यावरून देवाचं प्रेम की द्वेष हे कळत नाही.

एखाद्या सेवाकार्याला दान देण्याआधी काय विचारावं?

हिशेब. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था १९५० च्या कायद्याखाली नोंदवावी लागते आणि तिच्या हिशेबांची तपासणी होऊन ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला सादर करावे लागतात. नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मागा. पैसे संस्थेच्या खात्यात जातात की सेवकाच्या खाजगी खात्यात, हे क्यूआर कोड स्कॅन केल्यावर येणाऱ्या नावावरूनच कळतं. अमेरिकेत चर्चना वार्षिक विवरणपत्र भरण्यातून सूट आहे. सिनेटर चक ग्रासली यांनी २००७ साली सहा मोठ्या टीव्ही सेवाकार्यांचे हिशेब मागितले, त्यांतल्या बहुतेकांनी पूर्ण माहिती दिलीच नाही, आणि २०११ साली चौकशी कोणावरही कारवाई न होता मिटली. तिथून चालणाऱ्या वाहिनीला पैसे पाठवताना हे लक्षात असू द्या.

आई दर महिन्याला पेन्शनमधून अशा सेवकाला पैसे पाठवते. काय करू?

तिच्या सेवकावर तुटून पडू नका. त्यानं ती त्याच्याच बाजूला जाईल. ती कशासाठी पैसे पाठवते हे आधी शोधा. बहुतेक वेळा त्यामागे एखादी प्रार्थना असते: दारूत अडकलेला मुलगा, न जमणारं लग्न, स्वतःचं दुखणं. त्या प्रार्थनेत तुम्ही सामील व्हा, तिच्या शेजारी बसून, मोठ्यानं. मग तिच्याबरोबर ईयोबाचं पुस्तक वाचायला घ्या, संध्याकाळी एक अध्याय. मित्रांची भाषणं कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका, कारण तिनं सभेत जे ऐकलं ते तिला तिथेच ओळखू येईल. तिला द्यायचं असेल तर देऊ द्या, पण तुमच्याच मंडळीतली एखादी विधवा किंवा फीसाठी अडलेलं पोर दाखवा, आणि ते पाकीट तिच्याच हातानं द्यायला लावा. आणि गोळ्यांचा डबा दर आठवड्याला स्वतः बघा.